उजळणे आणि खुलणे : 'नैसर्गिक वर्ण' या कल्पनेचा इतिहास

एखादा रंग एखाद्या व्यक्तीला 'शोभतो' असे आपण म्हणतो, तसेच तो तिच्यावर 'खुलतो' असेही म्हणतो. या क्रियापदाच्या शेजारीच मराठीत दुसरे एक क्रियापद नांदते, ते म्हणजे 'उजळणे'. हळदीने रंग उजळतो, उटण्याने उजळतो, सासरच्या सुखानेही उजळतो अशी आपली समजूत असते. दोन्ही शब्द कौतुकाचे आहेत आणि बोलताना आपण ते सहज एकमेकांच्या जागी वापरतो. तरीही त्यांच्या अर्थांत मूलभूत अंतर आहे. 'खुलणे' म्हणताना माणसाचा वर्ण आहे तसा स्वीकारलेला असतो आणि जुळवून घेण्याची जबाबदारी वस्त्रावर वा प्रसाधनावर असते. 'उजळणे' म्हणताना वर्ण हाच दुरुस्तीचा विषय होतो.

आपल्या नैसर्गिक वर्णाला साजतील अशीच प्रसाधने निवडावीत, हा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. वरकरणी तो 'खुलण्या'च्या बाजूचा आहे. तो इतका साधा वाटतो की त्याला इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. पण 'नैसर्गिक वर्ण' कोणी ठरवला आणि कोणत्या मापाने, असा प्रश्न विचारला की रंगभूषेचा सगळा इतिहास वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो. आमचे म्हणणे असे की हे माप बहुतेक काळ त्वचेच्या बाहेरचे राहिले आहे. कधी ते नाटकातील पात्राच्या प्रतिष्ठेचे होते, कधी फिल्मवरील रसायनाचे, तर कधी दुकानातील शेडकार्डाचे. त्या मापात जे बसले नाहीत त्यांना 'खुलण्या'च्या नावाखाली 'उजळण्या'चाच सल्ला मिळत राहिला.

वर्ण झाकण्याचे शास्त्र

आपल्याकडे या विषयाची सर्वांत जुनी सविस्तर चर्चा भरताच्या नाट्यशास्त्रात, आहार्य अभिनयाच्या अध्यायात आहे. तिथली भूमिका आजच्या उपदेशाच्या अगदी उलट आहे. नटाने आधी आपला स्वतःचा वर्ण रंगाने झाकायचा आणि मग पात्राचा वर्ण धारण करायचा. एक देह सोडून दुसऱ्या देहात शिरलेला जीव जसा त्या देहाचा स्वभाव घेतो, तसा रंग आणि वेष ल्यालेला नट परभाव घेतो, अशी उपमाही तिथे दिली आहे. नटाला काय खुलते हा प्रश्न या व्यवस्थेत उद्भवतच नाही.

त्या अध्यायातील रंगांचे गणित मात्र लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. मूळ रंग चार : सित, नील, पीत आणि रक्त. सित आणि पीत मिळून पांडुवर्ण, सित आणि नील मिळून कपोतवर्ण, सित आणि रक्त मिळून पद्मवर्ण, नील आणि पीत मिळून हरित, नील आणि रक्त मिळून काषाय. नील सर्वांत बलवान मानला असल्यामुळे त्याचा एक भाग घेतला तर इतर रंगांचे चार भाग घ्यावेत, असे प्रमाणही सांगितले आहे. मिश्रण प्रत्यक्ष हाताने करून पाहिलेल्या माणसाचे हे ज्ञान आहे.

या यादीत 'गौर' वर्ण येतो तो रक्त आणि पीत यांच्या मिश्रणातून. त्यात सित, म्हणजे पांढरा, नाहीच. भरताचा गौर तांबूस सोनेरी आहे. आज आपण 'गोरा' म्हणताना जो पांढुरका रंग डोळ्यांसमोर आणतो, त्याच्याशी त्याचे नाते शब्दापुरतेच आहे. गौर ते गोरा हा ध्वनिबदल भाषाशास्त्राच्या तासाला आपण शिकवतो. त्याच्या आत दडलेला रंगबदल मात्र सहसा शिकवला जात नाही.

याचा अर्थ तिथले वाटप निष्पाप होते असा नाही. राजांसाठी पद्म, श्याम वा गौर असे पर्याय आहेत आणि सुखी माणसे गौर दाखवायची आहेत. कुकर्मी, ग्रहपीडित, रोगी, तपस्वी, कष्टाची कामे करणारे आणि हीन कुळातले यांना असित, म्हणजे काळा, वर्ण दिला आहे. ब्राह्मण आणि क्षत्रिय गौर, वैश्य आणि शूद्र श्याम, अशीही विभागणी आहे. 'वर्ण' या शब्दाचे रंग आणि जात हे दोन्ही अर्थ इथे एकाच वाक्यात काम करतात. प्रदेशांचीही वाटणी आहे. शक, यवन, पह्लव गौर. पांचाल, शूरसेन, मागध श्याम. किरात, आंध्र, द्रमिल, पुलिंद आणि दाक्षिणात्य असित. प्रस्तुत टिपणाच्या बहुतेक वाचकांची सोय शास्त्राने कुठे लावली असती, हे निराळे सांगायला नको. उन्हात राबणाऱ्याचा रंग आणि कुकर्म्याचा रंग एकच ठरवणारी ही दृष्टी पुढच्या सर्व मापांच्या तळाशी राहिली आहे.

फिल्मला दिसणारा चेहरा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपच्या रंगभूमीवर चरबी वा तेलात घोटलेल्या रंगांच्या कांड्या आल्या. बर्लिनचा लुडविग लाइख्नर हा मुळात ऑपेरागायक. त्याने १८७३ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातील कांड्यांना क्रमांक असत. त्यांतील पाच आणि नऊ या कांड्या एकमेकींत मिसळून चेहऱ्याला मूळ लेप देण्याची पद्धत इंग्लंडच्या रंगभूमीवर इतकी रूढ झाली की हे दोन आकडे मानवी त्वचेचेच दुसरे नाव बनले. एक हस्तिदंती, दुसरा विटकरी. त्यांच्या मधला जो रंग तो 'माणसाचा'.

चलच्चित्राने यात नवा पेच आणला. सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. ओठांना लाली लावली तर ते पडद्यावर काळे दिसत, गालांवरची स्वाभाविक लाली मळकट डागासारखी उमटे. म्हणून नटांना पिवळट छटांचे लेप लावून उभे करावे लागे. डोळ्यांना विचित्र वाटणारा चेहरा पडद्यावर 'नैसर्गिक' दिसे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) याच काळातला. त्यातली तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटाने साकारली होती. गव्हाळ वा सावळ्या त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशात तांबड्या-पिवळ्याचा वाटा मोठा असतो. तांबडा न ओळखणाऱ्या फिल्मवर ती त्वचा प्रत्यक्षाहून अधिक काळी उमटणार, हे उघड आहे. आपल्या पडद्यावरच्या पांढऱ्या लेपामागे गोरेपणाची आवड होतीच, पण तिला यंत्राचा असा आधारही मिळाला.

या पेचातून आधुनिक प्रसाधनाचा धंदा उभा राहिला आणि त्यातले मोठे नाव मॅक्स फॅक्टर यांचे. पोलंडमध्ये जन्मलेले, मॉस्कोत नाट्यगृहांसाठी काम केलेले फॅक्टर १९०४ मध्ये अमेरिकेत गेले आणि १९०८ मध्ये लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. कांडीचा जाड लेप जवळून टिपलेल्या दृश्यात भेगाळलेला दिसे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी १९१४ मध्ये चित्रपटासाठी पातळ, मलईसारखा लेप तयार केला. १९१८ मध्ये त्यांनी 'कलर हार्मनी'चा सिद्धांत मांडला. स्त्रीची पावडर, लाली आणि लिपस्टिक तिचे केस, डोळे आणि त्वचा यांच्याशी मेळ राखणारी असावी, असे त्याचे सार. 'आपल्या वर्णाला साजेल ते निवडा' या उपदेशाचा आधुनिक जन्म इथे झाला, असे म्हणायला हरकत नाही.

ही घटना लहान नाही. भरताच्या नटाला आपला वर्ण झाकायचा होता, फॅक्टरच्या ग्राहक स्त्रीला तो ओळखायचा होता. रंगभूषा पात्राकडून व्यक्तीकडे आली. सभ्य स्त्रीने चेहरा रंगवू नये असे मानणाऱ्या समाजात 'हे तुझेच रूप आहे, फक्त खुललेले' हे आश्वासन मुक्त करणारे होते.

पण मेळ कोणाशी राखायचा? १९३५ मध्ये हॉलिवुडमध्ये फॅक्टर यांच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. आज तिथे चित्रपटांचे संग्रहालय आहे. त्या वास्तूत चार दालने होती : सोनेरी केसांच्या स्त्रियांसाठी निळे, तांबड्या केसांच्यांसाठी हिरवे, गडद केसांच्यांसाठी गुलाबी आणि फिकट तपकिरी केसांच्यांसाठी फिक्या पीच रंगाचे. चारही दालने केसांवरून ठरली होती, कारण त्वचा गोरी असणार हे सांगण्याचीही गरज नव्हती. १९३७ मध्ये रंगीत चित्रपटासाठी ओल्या स्पंजाने लावायचा 'पॅन-केक' आला आणि पुढच्याच वर्षी तो बाजारात विक्रीला गेला. मराठी रंगपटात 'पॅनकेक' हा शब्द आजही वावरतो. दालनांची गोष्ट मात्र त्याच्यासोबत आली नाही.

रंगीत चित्रपटाचा ध्यास आपल्याकडेही होता. प्रभातने 'सैरंध्री' (१९३३) जर्मनीत रंगीत छपाई करून आणला, पण रंग मनासारखे उतरले नाहीत आणि प्रयोग फसला. चेहऱ्याचा रंग आता रंगभूषाकाराइतकाच प्रयोगशाळेच्या हातात गेला होता.

चार दालनांच्या बाहेर

चार दालनांत जिला जागा नव्हती तिचे काय झाले, याचे एक बोलके उदाहरण म्हणजे कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्री लीना हॉर्न. १९४०च्या दशकात एम.जी.एम.मध्ये असताना त्यांच्यासाठी एक खास छटा बनवण्यात आली आणि तिचे नाव ठेवले गेले 'लाइट इजिप्शियन'. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेल्या स्त्रीच्या नैसर्गिक वर्णाला परदेशाचे नाव द्यावे लागले, कारण देशातल्या रंगांच्या यादीत तो नव्हता. पुढे हीच छटा गोऱ्या अभिनेत्रींना लावून मिश्रवंशीय पात्रांच्या भूमिका त्यांना देण्यात आल्या आणि आपल्याला त्या मिळाल्या नाहीत, हे हॉर्न यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. वर्ण एकीचा, भूमिका दुसरीची.

कृष्णवर्णीय उद्योजकांनी आपली वाट स्वतः काढली. अँथनी ओव्हर्टन यांच्या कंपनीची 'हाय ब्राउन' पावडर विसाव्या शतकाच्या आरंभीच विकली जात होती. युनिस जॉन्सन यांनी १९७३ मध्ये 'फॅशन फेअर' प्रसाधने सुरू केली, त्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते. त्यांच्या वेषभूषा-प्रदर्शनांत भाग घेणाऱ्या मॉडेल्सना योग्य छटा बाजारात मिळत नसे आणि त्या दोन-तीन प्रसाधने एकत्र कालवून आपला रंग तयार करत. भरताचे मिश्रणशास्त्र त्या गरजेपोटी नव्याने शोधत होत्या म्हणा.

छायाचित्रणातही हेच चालू होते. कोडॅक कंपनी रंगांचा तोल ताडून पाहण्यासाठी छपाईकेंद्रांना गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले नमुनाकार्ड देत असे. 'शर्ली कार्ड' या नावाने ते ओळखले जाई. त्या स्त्रीची त्वचा नीट उतरली की रंग बरोबर, असे समीकरण होते. लॉर्ना रॉथ यांच्या २००९ मधील अभ्यासातून पुढे आलेली हकीगत अशी की गडद छटा नीट उमटत नाहीत ही कंपनीला जाणवलेली तक्रार प्रामुख्याने लाकडी सामान आणि चॉकलेट यांच्या उत्पादकांची होती. माणसांच्या चेहऱ्यांनी जे साधले नाही ते चॉकलेटने साधले.

आणखी एक माप ऋतूंचे. चित्रकार-शिक्षक योहानेस इटेन यांनी १९६१ मधील आपल्या रंगविषयक ग्रंथात नोंदवले की विद्यार्थी मोकळेपणाने रंग निवडतात तेव्हा त्या निवडीचा त्यांच्या स्वतःच्या वर्णाशी आणि प्रकृतीशी संबंध दिसतो. शिक्षकाने हळुवारपणे केलेल्या अशा निरीक्षणांची पुढे पाककृती झाली. कॅरोल जॅक्सन यांच्या 'कलर मी ब्यूटिफुल' (१९८०) या विलक्षण खपलेल्या पुस्तकाने स्त्रियांची विभागणी वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा अशा चार ऋतूंत केली. त्यांत बहुतेक आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रिया हिवाळ्यात गेल्या. युरोपीय गोरेपणाच्या बारकाव्यांसाठी तीन ऋतू आणि उरलेल्या जगासाठी मुख्यतः एक. सहा ऋतू मोजणाऱ्या आपल्या देशातही हीच विभागणी सल्ला म्हणून पोचली.

निमगोरेपणाची मोजपट्टी

आपले स्वतःचे शेडकार्ड आपल्या भाषेतच आहे. गोरापान, केतकी, गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. इतके बारकावे असलेली भाषा रंगांविषयी उदार असेल असे वाटते. पण 'निमगोरा' हा शब्द पाहा. 'नीम' म्हणजे अर्धा. पट्टीच्या मधल्या रंगालाही स्वतःचे नाव नाही. तो गोरेपणाचा अपूर्णांक आहे. 'निमसावळा' असे कोणी म्हणत नाही. 'गव्हाळ' हा त्यातल्या त्यात स्वतंत्र शब्द आहे, धान्यावरून आलेला आणि खरोखर रंग दाखवणारा. पण विवाहविषयक जाहिरातींत शिरल्यावर त्याचे काम बदलले. इंग्रजी जाहिरातींतला 'व्हीटिश' हा त्याचाच भाऊबंद. रंग सांगणे सोडून 'सावळी नाही' एवढेच तो सांगू लागला. 'सावळा' या शब्दाचा प्रवास तर सर्वांत विलक्षण आहे. विठ्ठलाला तो लावला की आपला कंठ दाटून येतो आणि उपवर मुलीला लावला की घर चिंतेत पडते.

या मोजपट्टीवर बाजार उभा राहिला. मुंबईत १९१९ मध्ये सुरू झालेल्या 'अफगाण स्नो'च्या नावातच बर्फ होता. १९५२ मध्ये टाटांच्या उद्योगसमूहात 'लॅक्मे'चा जन्म झाला. परदेशी प्रसाधनांवर खर्च होणारे चलन वाचावे, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. नाव घेतले ते लिओ दलीब यांच्या १८८३ मधील फ्रेंच ऑपेराच्या नायिकेचे. ती नायिका भारतीय आणि तिचे नाव 'लक्ष्मी'चे फ्रेंच रूप. भारतीय स्त्रीचे प्रसाधन भारतीयच नावाने, पण पॅरिसहून परत आलेल्या उच्चाराने विकले गेले.

१९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आले. वर्णाच्या इतिहासात त्याचे जे स्थान आहे ते मलमापेक्षा त्याच्याबरोबर मिळणाऱ्या छटांच्या पट्टीमुळे, असे आम्हांला वाटते. शेडकार्डाचे काम आपल्या त्वचेशी जुळणारी छटा शोधून देणे. ही फिकट होत जाणारी पट्टी त्याच वस्तूचा उलटा उपयोग करत होती. आज आपण कुठल्या छटेवर आहोत ते पाहायचे आणि काही आठवड्यांनी किती घरे पुढे सरकलो ते मोजायचे. 'खुलण्या'चे साधन 'उजळण्या'साठी इतक्या उघडपणे क्वचितच वापरले गेले असेल. कंपनीने २०१९ मध्ये अशा पट्ट्या काढून टाकल्या आणि २०२० मध्ये नावातला 'फेअर' हा शब्द जाऊन 'ग्लो' आला. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने वर्णानुसार निवड करण्याची सोय बंद केली. शब्द गेले हे चांगलेच झाले. पण 'ग्लो' या शब्दाचे मराठी भाषांतर करू गेल्यास 'उजळपणा' हाच शब्द पहिल्यांदा सुचतो, हेही विसरता येत नाही.

छटा जुळवणे म्हणजे काय

मग त्वचेशी रंग जुळवणे ही कल्पनाच खोटी आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन, रक्तातील हिमोग्लोबिन आणि थोड्या प्रमाणात कॅरोटीन यांच्या मेळातून दिसतो. म्हणून एकाच गडदपणाच्या दोन त्वचांत एकीची अंतर्छटा पिवळसर असते, दुसरीची तांबूस. चेहऱ्याला लावायच्या लेपात आज प्रामुख्याने चार रंगद्रव्ये असतात : पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळी, तांबडी, काळी अशी लोहाची ऑक्साइडे. सित, पीत, रक्त आणि नीलाच्या जागी काळा. भरताची पेटी फारशी बदललेली नाही. गोऱ्या छटांसाठी बनवलेल्या मिश्रणात थोडा काळा टाकून 'सावळी' छटा काढली की ती चेहऱ्यावर राखेसारखी दिसते, कारण पांढऱ्याचा अंश तसाच राहतो आणि तांबड्या-पिवळ्याचे प्रमाण कोणी नव्याने बांधलेले नसते. दोष त्वचेचा नसून मिश्रणाचा असतो. सप्टेंबर २०१७ मध्ये गायिका रिहाना यांच्या 'फेंटी ब्यूटी'ने एकदम चाळीस छटा बाजारात आणल्या, तेव्हा गडद छटांना मिळालेल्या प्रतिसादानंतर इतर कंपन्यांनाही आपल्या याद्या वाढवाव्या लागल्या. जे अवघड म्हणून सांगितले जात होते ते केवळ केले गेलेले नव्हते.

रंग जुळवण्याची रीतही आपल्याला परकी नाही. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेणारी स्त्री दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही. साडी आणि कापड दोन्ही घेऊन ती दाराशी, दिवसाच्या उजेडात जाते आणि शेजारी शेजारी धरून पाहते. प्रसाधनतज्ज्ञ आज हेच सांगतात : छटा हाताच्या पंजावर न पाहता जबड्याच्या कडेला लावावी, उजेडात पाहावी, थोडा वेळ थांबून पुन्हा पाहावी, जी छटा दिसेनाशी होते ती आपली. या रीतीत माप त्वचेच्या आत आहे. कार्ड त्वचेशी ताडून पाहिले जाते, त्वचा कार्डाशी नाही.

एवढा साधा क्रम सुलटा व्हायला इतका काळ लागला. तोही बाजारात सुलटा झाला आहे, भाषेत अजून झालेला नाही. स्नेहसंमेलनाच्या दिवशी रंगपटात आजही रांगेतल्या सर्व मुलामुलींच्या तोंडावर एकच गुलाबी लेप फिरतो आणि मान तेवढी सावळी राहते. 'छान उजळलीस' असे आपण शिक्षकच कौतुकाने म्हणतो. कथा-कादंबऱ्या शिकवताना नायिकेच्या वर्णनात 'सावळी पण' हे शब्द येतात, तेव्हा त्या 'पण'वर आपण थांबत नाही. 'सावळी पण नाकीडोळी नीटस' या घडीव वाक्प्रयोगातले ते उभयान्वयी अव्यय हेही एक शेडकार्डच आहे. वर्गात त्यावर थांबायला पाच मिनिटे पुरतील. त्या बाकांवर बसलेल्यांपैकी बहुतेकांचे वर्ण त्या 'पण'च्या अलीकडचे असतात.